चिठ्ठी घेऊन येणारा माणूस

पत्र : ताई, नमस्कार. खडकीतल्या एका जुन्या हॉकी क्लबचा मी मॅनेजर आहे. वय ४१, आधी याच क्लबकडून राइट हाफ खेळायचो. गेल्या लीगमध्ये आमचे नऊ सामने झाले. एक जिंकलो, दोन बरोबरीत सुटले, सहा हरलो. ९ गोल केले, ३१ खाल्ले. चार वर्षांत तीन कोच झाले आणि आताच्या तिसऱ्यालाही काढायचं कमिटीत चाललंय. त्याचा चार महिन्यांचा पगारही थकलाय. रजिस्टरवर २४ नावं आहेत, प्रॅक्टिसला बारा येतात. तीन सीनियर ३५ च्या पुढचे, बाहेर बसायला तयार नाहीत आणि ग्रुपवर ज्युनियर पोरांना टोमणे मारतात. सेंटर फॉरवर्ड अध्यक्षांचा पुतण्या आहे. प्रॅक्टिसला येत नाही, संघात मात्र असतोच. आमचा १९ वर्षांचा गोलकीपर लीगच्या आधीच एका डिपार्टमेंटच्या टीमने नेला, तिथे स्टायपेंड मिळतो. तेव्हापासून एका फॉरवर्डला पॅड बांधून उभा करतोय. पुढच्या स्पर्धेला दोन लाख खर्चून बाहेरचे चार खेळाडू आणावेत असं कमिटी म्हणते. मी म्हणतो, आधी पुतण्या आणि ते तिघे म्हातारे काढा. कोणाला काढू आणि कसं काढू, तेवढं सांगा. सोबत माझ्या वहीची झेरॉक्स जोडली आहे. (नाव छापू नये.)

मॅनेजरसाहेब,

पत्र एकदा वाचलं, वही तीनदा. पत्रात तुमचा राग आहे, संघ वहीत आहे. म्हणून वहीवरच बोलते.

आधी शाबासकी घ्या. गोल कितव्या मिनिटाला झाला, चेंडू कोणाकडून गेला, पेनल्टी कॉर्नर (गोलजवळ चूक केली की समोरच्या संघाला मिळणारी संधी) किती दिले, हे लिहून ठेवणारा मॅनेजर क्लब हॉकीत मी फारसा पाहिला नाही. बहुतेकांच्या वहीत वडापावचा हिशेब असतो. तुमच्याही वहीत आहे, पण समासात.

तर मी गोल मोजले. ३१ पैकी पंधरा-पंधरा मिनिटांच्या पहिल्या दोन क्वार्टरमध्ये ६, तिसऱ्यात ८ आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत १७. म्हणजे अर्धा सामना तुमची पोरं कोणालाही भारी पडतात. चौथ्या सामन्यात तर ४४ व्या मिनिटापर्यंत तुम्ही १-० ने पुढे होतात आणि १-५ ने हरलात. ते तिघे सीनियर, तो पुतण्या, पॅड बांधलेला तो बिचारा फॉरवर्ड, सगळे पहिल्या हाफमध्येही मैदानावर होतेच की. माणसं तीच. मग पाऊण तासानंतर काय होतं?

दमतात, एवढंच होतं.

वहीच्या उजव्या पानावर तुम्ही बदल्यांची नोंद ठेवली आहे. नऊ सामन्यांत मिळून १४ बदल, त्यातले ३ दुखापतीमुळे. मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. साहेब, तुम्ही राइट हाफ खेळलात, तुम्हाला हे मी सांगायला नको. हॉकीत बदल कितीही करता येतात. बाहेर काढलेला पुन्हा आत येतो. खेळ थांबायची वाट बघायची नाही, अंपायरला विचारायचं नाही. फक्त पेनल्टी कॉर्नर मिळाला असेल तर तो पार पडेपर्यंत दम धरायचा. नव्वदच्या दशकापासून हा नियम आहे. पुढच्या वेळी भारताचा सामना टीव्हीवर बघाल तेव्हा कॅमेऱ्यात येईल तेवढा वेळ चेंडू सोडून बाकाकडे बघा. फॉरवर्ड पाच-सात मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, पाणी पितो, तोंडावर टॉवेल दाबून बसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा आत जातो. कोणाचं तोंड वाकडं होत नाही.

मातीवर हे चालून जायचं. चेंडू अडखळायचा, उडायचा, बाहेर जायचा, तेवढ्यात श्वास मिळायचा. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, ती उसंत देत नाही. १९७५ ला क्वालालंपूरला वर्ल्ड कप जिंकणारा आपला संघ वर्षभरात माँट्रियलला, ऑलिंपिक पहिल्यांदा टर्फवर खेळलं गेलं तेव्हा, सातवा आला. कारणं अनेक होती, पण पायांनी दगा दिला हे एक होतंच. तुमचा संघ पिंपरीला नेहरूनगरच्या टर्फवर खेळतो आणि बदल्या मात्र मातीच्या मैदानासारख्या करतो.

तुमचा सेंटर हाफ ३८ वर्षांचा. त्याला साठ मिनिटं ठेवलंत तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला तो रेफ्रिजरेटरसारखा एका जागी उभा राहणार, आणि तो राहतोय. त्याच माणसाला पहिल्या क्वार्टरची आठ मिनिटं, तिसऱ्याची आठ आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये संघ घाबरला की पाच-सात द्या. वीस-बावीस मिनिटांचा तोच माणूस तुम्हाला सोन्यासारखा वाटेल. चेंडू कुठे थांबवायचा आणि कधी नुसता साइडलाइनबाहेर घालवायचा, हे विशीतल्या पोराला कळत नाही.

आता गाठीवर येऊ. कोच बदल्या का करत नाही? वहीत तुम्ही लिहिता, तो तरुण आहे, भित्रा आहे. असेल. पण पाचव्या सामन्याच्या पानावर खाली कोपऱ्यात, पेन्सिलने, तुम्हीच लिहिलंय : ‘३२ मि. साहेबांचा फोन. १० नंबरला परत आत घे.’ आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण. साहेब म्हणजे अध्यक्ष, १० नंबर म्हणजे पुतण्या.

ती खूण बघून मला माझी एक दुपार आठवली.

मी चौदा वर्षं गोलमध्ये उभी राहिले आणि नंतर एका खात्याच्या महिला संघाची मॅनेजर होते. खातं कोणतं ते राहू दे. सेमीफायनलच्या आधी मी टेबलावर टीम शीट भरत होते. दोरीने बांधलेलं बॉलपेन, अक्षर उमटेना म्हणून मी दोनदा हातावर रेघोट्या ओढल्या. सतरा नावं लिहून झाली, अठरावं लिहायला घेतलं तेवढ्यात आमच्या खात्याच्या साहेबांचा शिपाई घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आला. त्यात एक नाव होतं. ज्या मुलीचं नाव त्यामुळे जाणार होतं ती माझ्या समोरच खाली बसून शिनगार्ड बांधत होती. एका पायाचं बांधून झालं होतं. मी काही बोलले नाही, नुसती मान हलवली. तिने ते सोडलं, दोन्ही शिनगार्ड एकात एक घालून पिशवीत ठेवले आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. सामना आम्ही जिंकलो. तेच वाईट झालं, कारण फायनलला दोन चिठ्ठ्या आल्या. ती मुलगी पुढच्या मोसमाला आली नाही. का आली नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या साहेबांना मी पुढे कितीतरी वर्षं शिव्या घातल्या. शीटवरचं अक्षर माझं होतं, हे फार उशिरा ध्यानात आलं. पाचव्या सामन्यात कोचच्या कानाशी लागून ‘साहेब म्हणतायत’ म्हणणारे तुम्हीच होतात ना? मग उद्या तुम्ही पुतण्याला काढलंत काय आणि ठेवलंत काय, त्या कोचला एकच कळणार की निर्णय आपला नाही. ज्याचा निर्णय नाही तो बदल कशाला करेल? केला आणि गोल झाला तर त्याची मान जाणार. नाही केला आणि गोल झाला तर खेळाडूंची.

हे दुखणं फक्त तुमच्या क्लबचं असतं तर बरं झालं असतं. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून ०-२ हरून भारताचा पुरुष संघ ऐंशी वर्षांत पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकला. कोच होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो, त्यांनी राजीनामा दिला. पराभवाचा जाब कोचने दिला, रीतच आहे ती. पण पुढच्याच महिन्यात हॉकी महासंघाचे सचिव एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात, खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेताना दिसले आणि सगळा महासंघच निलंबित झाला. तुमच्याकडे पैसे नाहीत, फोन आहे. फरक मोठा आहे, मान्य. पण खेळाडूच्या बाजूने बघा : घाम गाळून जागा मिळत नाही, एवढंच त्याला दोन्हीकडे दिसतं.

म्हणून कोणाला काढायचं हा प्रश्न पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या. त्यावर लिहा की वर्षाची २४ नावं कमिटी ठरवेल, कोचला विचारून. सामन्याचे अठरा आणि मैदानावरचे अकरा कोच ठरवेल, कोणालाही न विचारता. सामना सुरू असताना बाकावर कोच आणि मॅनेजर सोडून बाहेरच्या कोणाचा शब्द पोचणार नाही, फोनवरूनही नाही. खाली अध्यक्ष, सचिव, कोच आणि तुमची सही. एवढं एक पान. घटना-बिटना लिहायला बसू नका, आपल्याकडे घटना लिहिली की ती दुरुस्त करण्यातच मोसम जातो.

अध्यक्ष सही करतील का? पुतण्याचा विषय काढलात तर अजिबात नाही. तुम्ही वही घेऊन त्यांच्या घरी जा, क्लबात नको. शेवटचं क्वार्टर दाखवा. ‘साहेब, पंधरा मिनिटांत १७ गोल खाल्ले. पुढचे नऊ सामने कोचला मोकळा हात देऊन बघू, नाही जमलं तर मी स्वतः वही खाली ठेवून मॅनेजरपद सोडतो,’ असं म्हणा. तुमची जागा पणाला लावल्याशिवाय त्यांना ते खरं वाटणार नाही, आणि का वाटावं? क्लब त्यांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून चालवला असेल. अशा माणसाला हुकूमशहा ठरवणं सोपं असतं, पण टर्फचं भाडं कोण भरतं ते एकदा मोजा. आणि सामन्याच्या दिवशी तुमचा मोबाइल किटबॅगच्या तळाशी ठेवा. साहेबांनी नंतर विचारलं तर सांगा, वही लिहीत होतो.

आता कोच. चार वर्षांत तीन झाले, चौथा आणायचा म्हणता. भारताच्या पुरुष संघाने हा प्रयोग आपल्या सगळ्यांसाठी करून ठेवलाय. २०१३ ते २०१९ या काळात नॉब्ज, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मारिन, हरेंद्र सिंग आणि मग ग्रॅहॅम रीड, अशी सात माणसं त्या खुर्चीवर बसली. व्हॅन आस तर वर्षही टिकले नाहीत. वॉल्श यांच्या संघाने २०१४ ला इंचॉनमध्ये आशियाई सुवर्ण आणलं आणि त्याच वर्षी ते गेलेही. रीड मात्र टिकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ ने धुतलं, तेव्हा मी घरी टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसले होते. दोन दिवसांनी त्याच संघाने स्पेनला ३-० ने हरवलं आणि शेवटी जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं. तुमच्या कमिटीने १-७ च्या रात्रीच ग्रुपवर रीडला काढला असता.

आणि मारिनची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण ती आमच्या बायकांची आहे. रिओ २०१६ ला, ३६ वर्षांनी ऑलिंपिकला गेलेला आपला महिला संघ बारावा, म्हणजे शेवटचा आला. मग मारिन आले. काही महिन्यांत त्यांना उचलून पुरुष संघाकडे दिलं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघ चौथा आला, की उचलून परत महिलांकडे. यात त्या माणसाची काय चूक होती ते मला आजही कळलेलं नाही. पण दुसऱ्यांदा त्यांना तीन वर्षं सलग मिळाली. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरल्यावरही राणी रामपालच्या संघाने आयर्लंडला हरवलं, दक्षिण आफ्रिकेला ४-३ ने हरवलं आणि क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला १-०. त्या दिवशी सविता पुनिया गोलमध्ये जशी उभी होती ते पाहून माझे जुने गुडघे दुखायचे थांबले. पदक हुकलं, चौथ्या आल्या. त्याच मारिनना पुरुषांकडे अपयशी म्हणून शिक्का बसला होता.

तुमचा कोच चांगला आहे का वाईट, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण त्याला अजून कोचिंग करूच दिलेलं नाही. आणि त्याचे चार महिने थकलेत हे तुम्ही पत्रात मध्येच एका ओळीत उरकलंत. ते आधी द्या. जानेवारी २०१० मध्ये आपल्या बालेवाडीला भारतीय संघाचा कॅम्प होता, दिल्लीचा वर्ल्ड कप तोंडावर, आणि थकलेल्या पैशांसाठी खेळाडूंनी सराव थांबवला होता. देशासाठी खेळतात आणि पैसे मागतात म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मी म्हणते, बरं केलं. कोच सकाळी कुठेतरी नोकरी करून संध्याकाळी तुमच्याकडे शिट्टी वाजवतो. त्याच्या पेट्रोलचे तरी पैसे निघायला नकोत?

पैशांवरून दोन लाखांकडे येते. चार पाहुणे आणू नका. ते सामन्याच्या सकाळी उतरतील, तुमच्या पोरांची नावं विचारत खेळतील आणि संध्याकाळी पाकीट घेऊन जातील. शिवाय ज्या बारा जणांची तुम्ही नोंद ठेवली आहे, त्यांतल्या चौघांची जागा जाईल. २०१३ साली हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या मोसमात मुंबई मॅजिशियन्स म्हणून संघ होता, आठवतो? कोच ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, ज्यांनी स्वतःच्या देशाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० ची ऑलिंपिक सुवर्णं मिळवून दिली आणि पुरुषांना २०१० चा वर्ल्ड कप. हॉकीत याहून मोठं नाव कुठून आणणार? संघात चार पाकिस्तानी खेळाडू घेतले होते. सीमेवर तणाव झाला, मुंबईत निदर्शनं झाली आणि लीगमधल्या सगळ्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावं लागलं. मुंबईच्या संघाला एका झटक्यात चार खिंडारं. पाच संघांत मुंबई पाचवी आली, पुढच्या मोसमानंतर संघच बंद पडला. तुमच्या पाहुण्यांना कोणी सीमेपार पाठवणार नाही, पण त्याच रविवारी दुसऱ्या गावच्या स्पर्धेत जास्त पैसे मिळाले की तेही येणार नाहीत. क्लबच्या कपाळी तेच येतं.

दोन लाखांत काय होतं ते सांगते. कोचची थकबाकी फिटते. आठवड्याला टर्फचा एक जादा तास मिळतो. प्रॅक्टिसनंतर पोरांना केळी आणि उकडलेली अंडी मिळतात. हसू नका, देहूरोडवरून सायकल मारत येणाऱ्या पोराला विचारा. आणि क्लबच्या मालकीचा गोलकीपर किट येतो.

या किटवर मी जरा जास्त बोलणार आहे, माझा हक्कच आहे तो. पॅड, किकर, दोन्ही हातांचे ग्लव्ह, हेल्मेट, चेस्ट गार्ड, गळ्याचा पट्टा, चांगल्या प्रतीचं घ्यायचं तर एखाद्या घराचे दोन-तीन पगार जातात. स्टिक उसनी मिळते, बूट जुने चालतात, पण गोलकीपर व्हायला पोराकडे आधी किट लागतो, म्हणून गरीब घरातला पोरगा गोलकीपर होतच नाही. झालाच, तर दुसऱ्याच्या मापाचे पॅड घालून होतो. तुमचा १९ वर्षांचा गेला तो स्टायपेंडसाठी गेला, बरोबर गेला, त्याच्यावर राग धरू नका. फोन करा. रविवारी सुट्टी असेल तेव्हा तासभर येऊन दोन लहान पोरांना शिकवशील का, असं विचारा. दोन, एक नाही. एकच ठेवलात तर तोही वर्षभरात कोणीतरी नेणार. आणि सध्याच्या त्या फॉरवर्डला पॅडमधून सोडवा. तो तुमच्या वहीप्रमाणे आधीच्या वर्षी संघातला सगळ्यात वेगवान पोरगा होता. तुम्ही एका जागी दोन खेळाडू घालवलेत.

पॅड बांधलेल्याला सगळं मागून दिसतं. फुल बॅक कधी उभा राहिला, कोणी चेंडू गेल्यावर हात वर करून दुसऱ्याकडे बघितलं, हे पहिलं गोलकीपरला कळतं. तुमच्या ३१ पैकी ११ गोल पेनल्टी कॉर्नरवर आहेत. त्यातले काही तरी गोलकीपरच्या आरडाओरड्याने वाचतात. पाच जण गोलरेषेमागून निघणार, पहिला कोण धावणार, पोस्ट कोण धरणार, हे ओरडून सांगणारा आवाज तिथे हवा. फॉरवर्ड ओरडत नाही, त्याला ओरडायची सवय नसते, तो चेंडू मागतो.

आणि आता ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत तो पुतण्या. तुमच्या नऊ गोलांपैकी पाच त्याचे आहेत. तुमच्याच अक्षरात लिहिलेत. हे पत्रात कुठेच नाही, आणि मला वाटतं तुम्हीही ते मोजलं नसेल. अध्यक्षांचा पुतण्या नसता तर तुम्ही त्याला गळ्यातला ताईत केला असता. त्याला काढू नका. प्रॅक्टिसला न येणारा पहिलं क्वार्टर बाकावर, असा नियम कोचला सगळ्यांसाठी करू द्या, आणि पहिल्यांदा तो त्याच्यावर लागला तरी तुम्ही खूश होऊन कोणाकडे बघू नका. पंधरा मिनिटं बाकावर बसायला सेंटर फॉरवर्डला फार जड जातं. बहुतेक दुसऱ्या आठवड्यात येईल. नाही आला तर प्रश्न काकांचा, तुमचा नाही.

तिघा सीनियरांना एकच माप लावू नका. सेंटर हाफचं मी वर सांगितलं. फुल बॅकचं वहीत नाव फक्त चुकांसमोर दिसतं. त्याला थांबवायची वेळ आली असेल, आणि तसं असेल तर कोच आणि तुम्ही दोघांनी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर, मोसमाच्या आधी सांगा. यादी ग्रुपवर टाकून नाही. तुम्ही खडकीचे, तिथे धनराज पिल्लेचं नाव घेतल्याशिवाय चहा मिळत नाही, म्हणून घेते. १९९८ ला बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, कर्णधार धनराज, आणि त्यानंतर लगेच धनराजसह काही सीनियर खेळाडूंना संघाबाहेर ठेवलं, कोच कौशिकही गेले. त्या गोष्टीची कडवट चव भारतीय हॉकीच्या तोंडातून कितीतरी वर्षं गेली नाही. वगळणं चूक की बरोबर यावर आजही भांडता येईल. पण जिंकून आलेल्या माणसाला तसं वागवतात हे पाठच्या सगळ्या पोरांनी पाहिलं. तुमचे ज्युनियरही बघतायत.

तिसऱ्याबद्दल, जो टोमणे मारतो, त्याला पेनल्टी कॉर्नरच्या बचावाची जबाबदारी द्या. अकरा गोल त्याने तीनवर आणून दाखवावेत. टोमणे मारणाऱ्याला आकडा दिला की तो एकतर काम करतो नाहीतर गप्प बसतो, दोन्ही चालतील.

राहिले ते प्रॅक्टिसला न येणारे बारा. त्यांची नावं मी वहीत शोधली. त्यातले सात जण नऊ सामन्यांत एकदाही आत गेले नाहीत. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर संध्याकाळी सहाला आला असतात का? मोकळ्या हाताने कोचचा पहिला सामना झाला की त्या सातांपैकी तिघांना फोन करा आणि सांगा, अमुक सामन्यात तुला तिसऱ्या क्वार्टरची सहा मिनिटं नक्की आहेत. आणि ती द्या, संघ ०-३ ने मागे असला तरी द्या. तुमच्या वहीत एक रकाना वाढवा : कोण किती मिनिटं खेळला. बाकीचं लिहिताच आहात.

पुढच्या लीगचे पहिले तीन सामने हराल असं धरून चला. तिसऱ्यानंतर कमिटीची बैठक बोलावली जाईल. त्या बैठकीला तो एक पानी कागद आणि वही घेऊन जा, आणि शेवटच्या क्वार्टरचे गोल आधी मोजून जा.

तुमची,
ताई

ता.क. : पॅड बांधलेल्या त्या फॉरवर्डचे ग्लव्ह सामन्यानंतर तसेच ओले बॅगेत जातात, असं तुम्ही तिसऱ्या पानाच्या समासात ‘वास’ एवढंच लिहून ठेवलंय. ते गच्चीवर सावलीत, वाऱ्याला टांगा. कडक उन्हात नको, फोम तडकतो. आणि त्याच्यासाठी सुती हातमोज्यांचा एक जोड आतून घालायला आणा, पन्नास-साठ रुपयांत मिळतो. त्याने मागितला नाही, कारण त्याला वाटतंय की तो तात्पुरता उभा आहे.